भाऊरावची बॅटरीची सायकल

भाऊराव कुठलीही वस्तू उलट्या हातानं तपासायचा. वायर असो, तव्यावरची भाकरी असो, नाहीतर माझ्या नातवाचा ताप. "गरम लागलं की दुखणं तिथंच, आक्का," म्हणायचा. मूळचा लातूरकडचा. काशीमीऱ्याला एका गॅरेजात ट्रकची वायरिंग करायचा आणि भाईंदरजवळ खारी गावात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. मी मासे विकायचे. त्याच्या बायकोशी, शांताशी, माझं नळावरून भांडण व्हायचं. त्याच्याशी कधी झालं नाही, त्याला भांडायला वेळच नसे.

एकदा गॅरेजात जॅक सरकला आणि त्याचा उजवा गुडघा चेचला. पाय वाचला, पण वाकेना. सायकल मारता येईना, भरलेल्या बसमध्ये चढता येईना, रोजची रिक्षा परवडेना. दिवाळीनंतर आला नाहीस तर दुसरा माणूस घेतो, असं शेठनं सांगून टाकलं. शांता रडत बसली. "रडून चाक फिरतं का?" म्हणून भाऊराव भंगारात गेला, कुठल्याशा गाडीच्या पंख्याची मोटर घेऊन आला आणि ती सायकलला बसवायला लागला. मागं कॅरियरवर बॅटरी.

स्टँडवर उभी असली की चाक भन्नाट फिरायचं. भाऊराव वर बसला की मोटर नुसती घुरघुरायची. सगळी आळी हसली. तो म्हणाला, "हिला पळता येतं, ओढता येत न्हाई." मग मोटरला दात्यांचं लहान चाक आणि मागच्या चाकाला मोठं लावलं. सायकल हळू निघाली, पण निघाली. त्यानंतर वायर जळाली. जळका वास माझ्या चुलीपर्यंत आला. वायर बारीक पडली म्हणून त्यानं ट्रकची जाड केबल टाकली.

मग सायकल पारखायला तो रोज सकाळी भाईंदरच्या बाजारापर्यंत जाऊन, बाजार घेऊन यायला लागला. जाताना सायकल झकास चालायची, येताना अर्ध्या वाटेत बंद. लंगडत ढकलत आणायचा. दुसऱ्या दिवशी परत चालू. त्यानं बॅटरी बदलून बघितली, मोटर खोलली, साखळी बदलली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. "काशीमीऱ्याच्या वाटेत बंद पडली तर शेठ म्हणंल, घरीच बस."

त्या दिवशी मी ओट्यावर बसले होते. तो सायकल ढकलत आला. हँडलला मांदेली मासळीची पिशवी, आणि तिचं पाणी थेंब थेंब खालच्या, मोटर चालू करायच्या बटणावर.

"ही पिशवी रोज हितंच टांगतोस?"

"मग कुठं टांगू?"

"खारं पानी हाय ते. माझा तराजू बघ, पितळ कसं हिरवं पडलंय."

त्यानं बटण खोललं. आत तांबं शेवाळासारखं हिरवं. भिजलं की बंद, रात्रीत वाळलं की सकाळी चालू.

"आक्का, इतके ट्रक केले. एकालाबी कुणी मांदेली टांगली न्हाई."

शांता तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी. भाऊरावनं नवं बटण सीटखाली बसवलं आणि वरून ट्यूबचं रबर गुंडाळलं.

दिवाळी झाल्यावर तो कामावर निघाला. शांताला धीर नव्हता, म्हणून आम्ही दोघी रिक्षानं मागं निघालो. हायवेजवळ मध्ये ट्रक आले आणि तो दिसेनासा झाला.

"अंकल तो निकल गए, मौसी," रिक्षावाला म्हणाला.

"पडले असतील," शांता म्हणाली.

"गप बस. पडला असता तर वाटेत दिसला असता."

गॅरेजपाशी पोचलो. सायकल भिंतीला टेकवलेली होती. भाऊराव कमरेपर्यंत एका ट्रकच्या बॉनेटमध्ये घुसला होता आणि शेठ त्याच्यावर ओरडत होता, हॉर्न अजून का वाजत नाही म्हणून. शांता घाबरली. मी तिला म्हटलं, "ज्याला काढायचंय, त्याच्यावर कोन वरडतो? काम दिलंय म्हनून वरडतोय."

ती तिथंच रिक्षात रडायला लागली. तिला रडू दिलं. मग नाक्यावर दोघींनी चहा घेतला आणि रिक्षा वळवली. पुढं बरीच वर्षं भाऊराव त्याच शेठच्या शिव्या खात म्हातारा झाला.