मुजीबच्या घरातला बेस

बातमी आली तेव्हा मी नांदेडच्या बसस्टँडवर चहा बशीत ओतत होतो. लातूरहून फोन होता. "मुजीब सर गेले." मी विचारलं, "कोणते?" जणू माझ्या आयुष्यात दहा मुजीब होते...

हा माझा कॉलेजातला दोस्त. लातुरात क्लासेसना बहर आला तेव्हा तो दिवसभर पोरांना फिजिक्स शिकवून घसा बसवून घ्यायचा आणि घरी येऊन कानांचे लाड करायचा. कपाटाएवढे दोन स्पीकर. रविवारी आम्ही चार टवाळ तिथं जमायचो. एकाला आवाज गोड लागे, दुसऱ्याला कोरडा, आणि मला, जो शेवटी बोलेल त्याच्यासारखा. एकदा मुजीबनं जाहीर केलं, लई महागाची परदेशी वायर आणलीय. स्पीकरमागं जाऊन खुडबुड केली, तीच ठुमरी पुन्हा लावली. मी डोळे मिटून मान डोलावली, "तबल्यात जान आली, यार."

"वायर जुनीच हाय," मुजीब म्हणाला. "तू किंमत ऐकून राहिला."

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. दुसरा इलाज नव्हता.

मात्र त्या घरात बेसचं बटण कायम शून्यावर. त्याची बायको, नसीमभाभी, किल्लारीकडच्या. भूकंपात आधी जमिनीखालून घरघर आली, मग भिंत... भाभींची धाकटी बहीण त्यात गेली. तेव्हापासून ढोलकीचा नुसता घुमारा आला तरी भाभी उठून अंगणात जायच्या. इकडे मुजीबचा जीव खर्जावर. एखादा नवा पाहुणा म्हणायचाच, "सर, एवढे स्पीकर आणि आवाज ट्रान्झिस्टरचा?" मुजीब हसून म्हणायचा, "ज्याचा त्याचा कान, भाऊ."

मी एकदा डिवचलं, "मग हेडफोन लावून ऐक की."

"एकट्यानं? ती खोलीत पाहिजे ना."

गेल्या आठवड्यात भाभींना भेटायला लातूरला गेलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि भाभी म्हणाल्या, "भाईसाब, बेस खोला."

मी घुटमळलो.

"मी त्यांना किती बार म्हणले, आता भ्या वाटत न्हाई. तर म्हणायचे, तोंड न्हाई म्हणतंय, पण मूठ वळलेली हाय तुझी."

"आणि असायची?"

"असायची की." त्या हसल्या.

मी तीच ठुमरी लावली आणि बटण फिरवलं. डग्ग्याचा पहिला घुमारा आला आणि मांडणीवरची भांडी किणकिणली. भाभी उठल्या. मला वाटलं, चालल्या अंगणात... मी बटणाकडं हात नेला. पण त्या स्पीकरपाशी जाऊन खाली बसल्या आणि त्याच्या लाकडावर त्यांनी तळवा टेकवला.

"थरथरून राहिलंय," त्या म्हणाल्या. हात मात्र ठुमरी संपेपर्यंत तिथंच होता.