पूर्ण परवानगी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली आणि मग आत्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली. लग्न केलं नव्हतं. तिला सगळे आत्याच म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा.

खोलीत पलंग, लोखंडी कपाट आणि निवृत्तीच्या वेळी हौसेनं घेतलेला कॉम्प्युटर. त्यावर ती विणकामाचे नमुने उतरवून ठेवी. सगळे स्वतः रचलेले. चौकटींच्या कागदावर टाके मोजून काढायचे, स्कॅन करायचे, खाली कृती टाइप करायची. भावाच्या सूनबाईला पसारा खपत नसे, म्हणून कागद रद्दीत. नऊ वर्षांत दोनशे चौदा नमुने झाले. त्यांचं पुस्तक करायचं होतं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हसले असते.

भाच्याचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. सहलींच्या व्हिडिओंनी त्याची डिस्क भरली, तेव्हा त्याला आत्या आठवली.

"तुझ्याकडे जागा रिकामीच आहे. माझे व्हिडिओ तिथे टाकतो. दोन्ही कॉम्प्युटर जोडून दे. तुला नाहीतरी काय काम असतं?"

आत्या हरखली. तिच्याकडे कुणी काही मागत नसे. तीन दिवस ती खपली. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर, तरी भाच्याच्या पडद्यावर तिच्या कॉम्प्युटरचं नाव उमटेना. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला. शेवटी सापडलं: तिचा कॉम्प्युटर घरच्या नेटवर्कला 'सार्वजनिक' समजत होता. ते 'खाजगी' केलं, तसं नाव दिसलं. मग फोल्डर उघडेना. तिनं वाचायची परवानगी दिली.

"नुसती वाचायची?" भाचा वैतागला. "पूर्ण दे. दरवेळी तुझ्या पाया पडायला येऊ का?"

"अरे, माझ्याही फायली तिथेच आहेत."

"तुझ्या फायली कोण खातंय!"

तिनं पूर्ण परवानगी दिली.

शनिवारी डोळे तपासून ती परतली, तर नमुन्यांचा फोल्डर गायब. कचरापेटीही रिकामी. नेटवर्कवरून पुसलेलं तिथे येतच नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

भाचा जेवत होता. "ते जाळीजाळीचं? मीच काढलं. जागा पुरेना. आजकाल हातचं घालतं कोण?"

सूनबाई खुदकन हसली. "तुमच्या त्या जांभळ्या स्वेटरनं आम्ही गाडी पुसतो, आत्या."

आत्यानं यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदारानं दोन दिवसांनी मान हलवली. "त्याच जागेवर व्हिडिओ लिहिले गेलेत, बाई. काही उरलं नाही."

घरी येऊन तिनं परवानगी काढून घेतली. तासाभरात भाऊ दारात उभा.

"पोराचे व्हिडिओ अडवलेस म्हणे? वेगळी खोली बघू का तुझ्यासाठी?"

"दादा, माझी नऊ वर्षं गेली रे."

"लोकर गुंडाळण्यात गेली. चालू कर."

तिनं चालू केलं. नंतर आठवतील तसे नमुने काढायला बसली. सात आठवले; आठव्याचे टाके जुळेनात. मग ती बसायचीच थांबली. महिन्याभरानं भाच्यानं कॉम्प्युटर उचलून पुढच्या खोलीत नेला. ती वापरत नव्हती, म्हणाला.