चूल कोण फुंकत होतं?

सोनवणे मॅडमसमोर ‘पूर्वी’ हा शब्द काढायची सोय नव्हती. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या, म्हणजे ‘पूर्वी’ हाच त्यांचा रोजचा धंदा. तरी कुणी ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ म्हणालं, की हातातला खडू खाली ठेवायच्या, पर्समधून गूळ-शेंगदाणे काढून तोंडात टाकायच्या आणि चावता चावता विचारायच्या, “बरं. कुणाच्या घरी?”

माझी त्यांची गाठ पडली वादविवादाच्या सरावात. जळगावला स्पर्धा होती. विषय होता, ‘या देशाचे सोनेरी दिवस मागे राहिले आहेत.’ चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. आमच्या घरातून कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आजही सांगते. तेव्हा तर अंगात वारंच होतं. टेबलावर हात आपटून मी सुरुवात केली, “एके काळी या देशात सोन्याचा धूर निघत होता!”

“चूल कोण फुंकत होतं?” मागच्या बाकावरून मॅडमचा आवाज आला.

सगळे हसले. मी चिडून म्हटलं, “मला काय माहीत, मॅडम? मी तिथं नव्हते.”

“मग धूर कुणी पाहिला?”

माझ्या विरुद्ध बाजूला इरफान होता. त्याचे वडील सुतारकाम करायचे, आणि त्याच्या घरातही कॉलेजात जाणारा तोच पहिला. माझी फजिती पाहून तो खुशीत उठला. “उद्या हा देश जगाच्या पुढे असेल,” असं काही ऐटीत बोलू लागला.

“छान. उद्याची चूल कोण फुंकणार?”

“उद्या गॅस असेल ना, मॅडम.”

“टाकी कोण उचलून आणणार?”

“आणेल कुणीतरी.”

“हां. त्या कुणीतरीशी आधी बोलून ये. मग उद्याबद्दल बोल.”

म्हणजे त्यांना ना काल फुकट चालायचा, ना उद्या. पण मागचं सगळं वाईट म्हणणारा भेटला, तर त्यालाही त्या सोडत नसत. “पांझरा नदीला पाणी असायचं, हे खरं आहे. मग ते छातीठोक बोल,” मी वैतागून उलट टोकाचं बोलू लागले, तेव्हा असं त्यांनी मला बजावलं होतं. “जुनं सगळं फेकायचं म्हणतेस, तर वांग्याच्या भरितापासून सुरुवात कर. बघू, जळगावात तुला कोण उभं करतं.” जे खरंच चांगलं होतं ते मी शोधून आणायचं, पण सोबत ते कुणाच्या कष्टावर उभं होतं तेही सांगायचं, एवढीच त्यांची अट होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले आणि तिथंच अडकले. आमचं गाव साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या वाटेवर. माझ्यासाठी स्थळ आलं होतं. आजोबांचा, म्हणजे नानांचा, शब्द आमच्या घरात शेवटचा. वडील त्यांच्यापुढे मान वर करत नसत. नाना म्हणाले, “बस झायं कालेज.” झालं. कॉलेज उघडलं, सराव सुरू झाला आणि मी घरी ज्वारी निवडत बसले.

मी येत नाही म्हटल्यावर मॅडम एका रविवारी एसटीनं थेट गावात आल्या. मी दाराआडून पाहत होते. नानांनी खाट पुढे ओढली, चहा सांगितला. पाहुण्यांना कमी पडू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. “मॅडम, पहिलेना काळच चांगला व्हता. पोरी घरम्हा ऱ्हायेत. घरेघर दूधदुभतं. देशम्हा सोनाना धूर निंघे!”

मी डोळे मिटून घेतले. पुढचं मला पाठ होतं. पण मॅडमनी आधी दुसरंच विचारलं, तेही अहिराणीत. वर्गात त्यांच्या तोंडून अहिराणी मी कधी ऐकली नव्हती. त्या अमळनेरकडच्या एका बौद्ध कुटुंबातल्या, आणि नानांना ते ठाऊक होतं.

“नाना, तुमना त्या चांगला काळम्हा माले या खाटवर बसू देतात का?”

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “ते सोडा ना, मॅडम.”

“सोडं,” मॅडम हसून म्हणाल्या. “मंग एवढंच सांगा, तुमना घरम्हा चूल कोन फुके?”

“कोन म्हंजे? मनी माय फुके.”

“कशी व्हती तुमनी माय?”

नाना बोलायला लागले. माय पहाटे उठायची, कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत सारायची, फुंकून फुंकून खोकायची. मग म्हणाले, “धूरघाई तिना डोया गयात, मॅडम. शेवटले ती माले हात लाईसन वळखे.” आपला हात त्यांनी स्वतःच्या गालावर ठेवला होता. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, वडिलांनासुद्धा; पणजी त्यांच्या जन्माआधीच गेली होती.

मॅडमनी माझं नावही काढलं नाही. चहा प्यायल्या, बशी खाली ठेवली.

नाना म्हणाले, “कव्हय शे ते जयगावनं भाषण?”

स्थळाला निरोप नानांनीच धाडला, “पोरगी शिकी ऱ्हायनी.”

जळगावला मी पांझरेच्या पाण्याबद्दल बोलले, दूधदुभत्याबद्दल बोलले, आणि मग पणजीच्या डोळ्यांबद्दल. परीक्षक म्हणाले, अनुकूल बाजूनं बोलणारीनं प्रतिकूल मुद्दा मांडला. बक्षीस गेलं. मॅडम म्हणाल्या, “जाऊ दे. खरं बोललीस. चल, भरीत खाऊ.” तसं भरीत मी नंतर पुष्कळदा खाल्लं, पण पदवी हातात आली त्या दिवशीही मला जळगावच्या त्या भरिताचीच चव आठवली.

मॅडम मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मी आता साक्रीला ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. धुळ्याला शोकसभा होती. नाना आता पार थकलेत, कानानं कमी ऐकू येतं. पण म्हणाले, “मी बी येस.” त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. एकामागून एक माणसं उठत होती. तसे शिक्षक आता राहिले नाहीत, तो काळच वेगळा होता, असं प्रत्येक जण म्हणत होता, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. शेवटी इरफान उठला. तो आता धुळ्यात वकिली करतो. म्हणाला, “त्या काळी या कॉलेजात सोन्याचा धूर निघत होता...”

“चूल कोन फुके, ते बी सांग ना, भाऊ!” नाना म्हणाले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज तो, साऱ्या हॉलभर घुमला.

माणसं वळून बघायला लागली. कुणी हसलं, कुणी डोळ्यांना पदर लावला. इरफाननं चष्मा काढला.

“मॅडम फुंकत होत्या, नाना,” तो म्हणाला आणि खाली बसला. पुढचं भाषण त्यानं केलंच नाही.

नानांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून, त्यांना वाटलं हळूच, म्हणाले, “आते तू फुक.”