आंबला नव्हता तो पाक

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, कुणास ठाऊक.

ऐंशी सालच्या आगेमागे कळवणजवळ आम्ही कांद्याचं बियाणं करायचो. डोंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गोंडे, फुलले की शेत पांढरं व्हायचं — पण नुसतं फुलून काय उपयोग? माशी बसली नाही तर बी भरत नाही. शेजारच्या हमीदचाचाच्या मधपेट्या आमच्या बांधावर होत्या, म्हणून आमचं भरायचं. ते उपकार आधी सांगतो. माझं घर उभं राहिलं ते त्या माश्यांवर.

पेट्या चाचाच्या, पण जीव लावला होता चाचीनं. मोहोळ उठून झाडावर बसलं तर पदर डोक्यावरून घेऊन ती स्वतः धरून आणायची. रानात फुलं कमी असली की साखरेचा पाक ठेवायची. "खा गं बायांनो," म्हणायची.

ठरलेलं एकच होतं. औषध मारायचं तर आदल्या सांजेला हाक द्यायची, म्हणजे चाची पेट्यांची दारं बंद ठेवेल. कठीण होतं का काही?

त्या वर्षी डोंगळे निम्मेच उमललेले. एका पहाटे चाचा-चाची मालेगावला लग्नाला गेले, जाताना ती पाक ठेवून गेली. माझ्याकडं फवारणीचा पंप मागून आणलेला, दुपारी परत द्यायचा होता — आणि मी त्याच दिवशी भर सकाळी, माश्या घोंगावत असताना, औषध मारलं. आदल्या सांजेला हाक दिली नव्हती. विसरलो? छे! कंटाळा केला.

ते परतले तेव्हा पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा. चाचानं विचारलं, "औषध मारलं का रे?"

"नाही," म्हणालो.

मग तो चाचीवर ओरडला — पाक आंबलेला घातलास! ती बिचारी पातेलं हुंगत राहिली, पुन्हा पुन्हा. मी तिथंच उभा होतो.

चाचीनं नंतर पेटीला हात लावला नाही. पुढच्या साली चाचानं नवं मोहोळ धरलं, पेटी पुन्हा माझ्याच बांधावर ठेवली. माझं बी दरसाल भरलं. पोरीला खोकला झाला की चाची मध पाठवायची, पोर त्याच मधावर वाढली. किती केलं त्या माणसांनी! आणि बाटलीसोबत दर वेळी चाचीचा निरोप — "चाचानं काढलाय. मी हात लावलेला नाही, बिनघोर दे."

चाची आता नाही.

त्या संध्याकाळी सगळे घरात गेल्यावर मी पातेल्यात बोट बुडवून चाटलं होतं. पाक गोड होता.