कालिरोई मावशी विमानातून उतरत नाही

आमची कालिरोई मावशी म्हणजे एक नंबरची हट्टी. ग्रीसमधल्या आमच्या कासोस बेटाचा वारासुद्धा आपल्याला विचारून सुटावा अशी तिची अपेक्षा. समोरच्या कार्पाथोस बेटावर तिचा सख्खा भाऊ, माझा निकितास मामा, राहतो. त्याने किती वर्षं बोलावलं! पण मावशीला बोट लागते, आणि विमानाचं नाव काढलं की ती क्रूसाची खूण करून तीनदा थुंकते.

मग मामाच्या मुलाने, मिनासने, तिला आपल्या लेकीची धर्ममाता व्हायला, म्हणजे बाप्तिस्म्यात पोरीला हातात धरायला सांगितलं आणि बाई विरघळली. तिला स्वतःचं मूलबाळ नाही. असा मान तिला जन्मात कुणी दिला नव्हता. शिवाय ती पोचली नाही तर पोरीला धरायला मामाची मेहुणी सेवास्ती नवा झगा घालून टपलेलीच होती.

"त्या सटवीच्या हातात पोरगी? मेले तरी नाही!"

नेमकी बाप्तिस्म्याच्या दिवशी वाऱ्याने बोट बंद. राहिलं विमान. मी सोबत निघालो. मावशीच्या मांडीवर चीज भरलेल्या करंज्यांची टोपली.

"एवढ्या कशाला गं?"

"वाटेत भूक लागते."

"मावशी, पाच मिनिटांचा प्रवास आहे!"

"मला शिकवू नकोस. बोटीला दीड तास लागतो."

विमान उडालं. मावशीने डोळे मिटले, माझं मनगट आवळलं आणि धर्ममातेला म्हणावी लागते ती लांबलचक प्रार्थना सुरू केली. ती अर्धी होते न होते तोच चाकं टेकली.

"ऊठ, आलं कार्पाथोस."

तिने एक डोळा उघडून बाहेर पाहिलं. दगड, समुद्र, वारा.

"हे आपलं कासोसच. वारा बघून परत आणलंय मेल्याने. बोटवाले नाही करत असंच?"

बोटवाले करतात खरे तसं, म्हणून मी हवाई सुंदरीलाच हाक मारली.

ती आली. "काकू, हे कार्पाथोसच आहे. आता विमान पुढे ऱ्होड्स बेटावर जाईल."

"जाऊ दे की. जाताना मला कार्पाथोसला सोड. एकदा उतरले की जागा गेली, कळतात हो तुमच्या लबाड्या!"

तेवढ्यात मिनासचा फोन. पाद्रीबाबा खोळंबले होते आणि सेवास्तीने पोरीला उचललंसुद्धा होतं. मी फोन मावशीच्या कानाला लावला. "फोनवर काय, कुणीही काहीही सांगेल," म्हणाली आणि पट्टा आणखी घट्ट केला. मी कपाळ बडवून घेतलं.

एवढ्यात काठी आपटत, धापा टाकत मामाच विमानात चढला. तो तिला न्यायला आला होता, आणि तिथला पोलीस त्याचा जावई, मग अडवणार कोण?

"कालिरो! उतरतेस की तिरडी पाठवू?"

मावशीचा चेहरा पांढराफटक. "दादा? तू कासोसला कसा आलास?"

"मी नाही आलो, बये. तू आलीस."

तिने खिडकीतून पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एवढंसंच होतं?" तिचे डोळे भरून आले. "एवढंसंच, आणि मी वहिनीच्या मातीलाही आले नाही रे!"

मामाने नाक ओढलं. "चल, रडायचं ते चर्चमध्ये रड. सेवास्ती पोरगी सोडत नाहीये."

मग काय विचारता! चर्चमध्ये शिरून मावशीने पोरगी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि प्रार्थना अशी खणखणीत म्हटली की पाद्रीबाबाही दचकले.

बाहेर आल्यावर पोरीला छातीशी धरून म्हणते कशी, "दादा, आता मी दर रविवारी येणार."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगं," तो म्हणाला, "एवढंही काही जवळ नाही."