चालू इंजिनावरचं तेल

मिलमध्ये मी सोळा वर्षं फिटर होतो. मशीन बंद केल्याशिवाय तेलाला हात लावायचा नाही, हा नियम मला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. वडिलांची दोन बोटं चालत्या पट्ट्यात गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी ते भात कालवत, तेव्हा तो नियम रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा.

संप झाला आणि मिल गेली. दीड वर्ष घरी बसून काढल्यावर अंधेरीच्या एका गॅरेजात चिकटलो. पहिल्याच दिवशी मालक म्हणाला, "एक गाडी बिघडवलीस ना, की सरळ घरी." चाळिशीच्या माणसाशी असं बोलतात! पण गरजवंताला अक्कल नसते, तसा रागही नसतो. ऐकून घेतलं.

तिथे जुहूच्या एका शेठची गाडी यायची. गाडी कसली, चाकांवरचं घरच. आत बिछाना, शेगडी, संडाससुद्धा. परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून शेठने ती घेतली होती, आणि साहेबाचा ड्रायव्हरही तिच्याबरोबरच आला होता. साठीला टेकलेला, आमच्याच मालवणकडचा. गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. त्या गिअरबॉक्सचं लाल तेल मोजायला लांबलचक डिपस्टिक होती.

मनोरीला सहल निघायची म्हणून शेठने गाडी तपासायला पाठवली. आल्या आल्या मी इंजिन बंद केलं. म्हातारा म्हणाला, "मिस्त्रीनू, ह्या तेल इंजिन चालू ठेवनच बघूचा लागता. सायबान माका दाखवल्यान हा."

मी हसलो. म्हटलं, "बाबा, तुम्ही चाक फिरवा. मशीन मला शिकवू नका."

बंद गाडीत तेल खुणेच्या बरंच वर दिसलं. जास्त भरलंय, अशी माझी खात्री झाली. नळी घालून दीडेक लिटर उपसलं आणि हात पुसले. म्हातारा बघत होता.

दुसऱ्या दिवशी कांदिवलीच्या पुढे गाडी अडली. इंजिन बोंबलत होतं, चाक हलत नव्हतं. मालक मला तेलाच्या डब्यासकट तिथे घेऊन गेला. पाहुणे रस्त्याच्या कडेला उभे, शेठ लालबुंद. मी डिपस्टिक ओढली. या खेपेला तिची मूठही पुसली, तेव्हा मळाखाली इंग्रजी अक्षरं दिसली. सातवीच्या इंग्रजीलाही कळेल इतकं सोपं लिहिलं होतं: गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजा. बंद गाडीत वरचं तेल खाली उतरतं, म्हणून ते जास्त दिसलं होतं. मी गिअरबॉक्सला उपाशी ठेवलं होतं.

तिकडे शेठ म्हाताऱ्यावर तुटून पडला होता. "कशीही दामटतोस, वाट लावलीस गाडीची! चावी दे आणि चालता हो."

म्हातारा माझ्याकडे वळला. "मिस्त्रीनू, तुमी सांगा शेठना. तेल चालू इंजिनार बघूक मी सांगितललंय काय नाय?"

मालक माझ्याकडे बघत होता. घरी बायकोने त्याच आठवड्यात पोरांची नावं पुन्हा शाळेत घातली होती. ही सबब मी तेव्हाही स्वतःला दिली आणि आजही देतो.

"मला नाही आठवत," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने शेठच्या हातात चावी दिली. मालक स्टिअरिंगवर बसला आणि मी इंजिन सुरू करायला सांगितलं. थोडं थोडं तेल ओतत, दर वेळी डिपस्टिक पुसून बघत, बरोबर खुणेपर्यंत आणलं. चालू इंजिनावर मी आयुष्यात पहिल्यांदाच वाकलो होतो. गाडीने गिअर घेतला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शेठ माझी पाठ थोपटून म्हणाला, "कारीगर आदमी है."

म्हातारा आतून आपला जेवणाचा डबा घेऊन उतरला. स्टेशनकडे निघताना माझ्याजवळ क्षणभर थांबला. आवाजात राग नव्हता. असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती.

"आता बरोबर बघितलात," तो म्हणाला.