भिंतीवरचा पितळी पंप

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर एका कोंडावर, म्हणजे डोंगरातल्या छोट्या वाडीवर, हैबती राहायचा, आणि सल्ला देणं हा त्याचा धर्म होता. कोणी नुसती भिंत लिंपायला काढली, तरी हा तंबाखू मळत पुढ्यात हजर. चौकट कुठे बसवावी, वासा कुठून कापावा, गोठ्याला उतार किती ठेवावा, सगळं त्याला ठाऊक. न विचारता सांगायचा, आणि ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सांगायचा. तरुणपणी दासगाव बंदरातून मुंबईला माल नेणाऱ्या लाँचवर तो खलाशी होता. तेवढ्या शिदोरीवर त्याने सगळ्या कोंडाला शहाणं करायचा विडा उचलला होता. बरं, सांगितलेलं पुष्कळदा बरोबरही निघायचं, म्हणून तर लोक त्याला सहन करत.

लाँच मोडीत निघाली तेव्हा तिच्यावरच्या खलाशांचा म्होरक्या महिपत तांडेल याने तिच्या तळातलं पाणी उपसायचा हातपंप हैबतीला आठवण म्हणून दिला. पितळी नळी, वर लाकडी मूठ, बाजूला तोटी. पोलादपूरपर्यंत एस्टीने आणि पुढे खांद्यावरून तो कोंडावर आला आणि माजघराच्या भिंतीला टांगला गेला. दसऱ्याला हैबती त्याला झेंडूची माळ घालायचा. त्याची बायको रंगूबाई आल्यागेल्याला सांगायची, "घरात धड हंडा नाय, पर भित्तीला पंप हाय." माणसं हसायची, हैबतीही हसायचा, पण पंप काही खाली उतरला नाही.

आता या घराची एक खोड सांगायला हवी. घर होतं खोलगट जागी, पाठीला डोंगर लावून. आषाढाचा पाऊस डोंगरात मुरला की श्रावणात माजघराच्या जमिनीतून पाणी वर यायचं. आमच्याकडे त्याला उपळ फुटली म्हणतात. चर काढून पाणी बाहेर घालवावं, तर उंबऱ्याखाली अखंड कातळ. रंगूबाई सारवून सारवून थकायची आणि जमिनीचा पुन्हा चिखल व्हायचा. पावसाळाभर घरातली माणसं या लाकडी पाटावरून त्या पाटावर पाय टाकत वावरायची.

आणि याच माजघरात सगळ्या भावकीचा गणपती बसायचा. हैबतीच्या आज्यापासूनचा तो मान. भावकीत थोरला कुशाबा, हैबतीचा चुलतभाऊ. दर वर्षी मूर्ती तोच घेऊन यायचा. एका वर्षी मूर्ती घेऊन आत शिरला आणि चिखलावरून त्याचा पाय सटकला. मूर्ती त्याने दोन्ही हातांनी वर धरली, देवाला ओरखडा येऊ दिला नाही, पण स्वतः असा आदळला की विसर्जनापर्यंत पालथा झोपून होता. आरत्यासुद्धा त्याने पालथ्यानेच म्हटल्या.

बरा झाल्यावर तो हैबतीला म्हणाला, "हे बघ, माजं काय जायाचं ते गेलं. पर देव पडला असता तर? फुडल्या वर्षी तुजी जमीन ओली असली तर गनपती माज्या ओटीवर बसंल. हरतालिकेला मी येऊन बघीन."

कुशाबा बोलला त्यात वावगं काहीच नव्हतं, हेच हैबतीला जास्त लागलं. शिवाय गणपती एकदा दुसऱ्या घरी गेला की परत येत नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यात वैशाखात मुलाचं, सहदेवाचं लग्न ठरलेलं. सहदेव मुंबईला गिरणीत. म्हणजे येत्या गणपतीत नवी सून येसू हिचा पहिला ओवसा. नवी सून सुपं भरून गौरीपुढे ओवसते, म्हणजे ओवाळून वाहते, ती सासरच्या गौरीपुढे. गणपती गेला तर गौरही जाणार, आणि पोरीला पहिली सुपं घेऊन परक्या उंबऱ्यात जावं लागणार. रंगूबाईला हे नुसतं मनात आणायलाही नको वाटे.

हैबतीने जाहीर केलं, "शहाबादी बशिवतो."

कोंडावर तोवर कोणाच्या घरात फरशी नव्हती. महाडहून ट्रकने पोलादपूरला आणि तिथून डोक्यावरून फरश्या वर आल्या. बसवणार अर्थात हैबती स्वतः. छिन्नी आणि हातोडा घेऊन तो अंगणात कापायला बसला तेव्हा अर्धा कोंड बघायला जमला. रेघ आखायचा, सगळ्यांना छिन्नी कशी धरावी ते समजावून सांगायचा आणि मग असा दणका घालायचा की फरशी रेघेचा मान न राखता मनाला येईल तिथून तुटायची. तुकड्यांचा ढीग पडला. त्यातून तुळशीभोवती छान कठडा झाला आणि हैबती म्हणाला की तो आधीपासून मनात होताच.

बसवायच्या आधी रंगूबाई एवढंच म्हणाली, "त्या कनगीखालचा कोपरा तेवढा मोकळा सोडा. पानी पयलं तिथंच येतं. मी सारवते, मला म्हाईत."

"अगो, फरशी म्हंजे फरशी. चुन्यात घट्ट बशिवली की पान्याची काय बिशाद हाय वर यायची?"

त्याने कोपऱ्यासकट सगळं माजघर चुन्यात घट्ट बसवलं. लग्नात त्या फरशीचं वऱ्हाडाने नवरीपेक्षा जास्त कौतुक केलं, आणि हैबती प्रत्येकाला धरून फरशी कशी बसवावी ते सांगत राहिला.

श्रावण आला. पाण्याला बिशाद होती. सांधे फुगले, चुना निघाला, फरश्या हलायला लागल्या. एकीवर पाय ठेवावा तर दुसरीच्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आपण म्हणतो. हैबतीचे तर पाषाणही कोरडे नव्हते.

हैबतीचे सल्ले थांबले. शेजारचा मुरारी गोठ्याची मेढ चुकीच्या जागी रोवत होता आणि हैबती ते ओटीवरून बघत होता, पण उठला नाही. मुरारीला काळजी वाटून तो स्वतःच विचारायला आला, "हैबतीकाका, बरं नाय काय तुमाला?" हैबतीने तंबाखूची डबी पुढे सरकवली. त्याला खरंच वाईट वाटत होतं. सून पहिल्या ओवशाला यायची होती आणि आपणच घराचा मान घालवला, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

रंगूबाईला बसून चालणार नव्हतं. तिने कणगी सरकवली, पहारीने कोपऱ्यातली फरशी उचकटली आणि खाली खणायला लागली. कमरेला लागेल एवढा खड्डा केला, आतून दगड रचले. खड्ड्यात पाणी भरायला लागलं, तशी ती तांब्या घेऊन उपसायला बसली. घागरीत ओतायचं, घागर दाराबाहेर रिकामी करायची, पुन्हा यायचं. दुपारी जेवायला हैबती आत आला, पाटावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की पाटाखालची फरशी हलत नाही. हात लावून बघितला. ओल होती, पण पाणी नव्हतं. सगळ्या माजघराचं पाणी वर यायचं सोडून त्या एका खड्ड्याकडे चाललं होतं.

त्याने उठून खड्ड्यात डोकावून बघितलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या पंपावर गेली.

"अगो," तो म्हणाला, "लाँचीच्या तळाला पानी येतंच. त्याला कोन अडवतंय? एका जागी गोळा करायचं नि उपसायचं. सगळी उमर मी तेच केलं."

"मंग घरात का नाय केलं?"

"घर तरंगत नाय म्हनून ध्यानात नाय आलं."

रंगूबाईला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना. "उतरवा आता तुमचा देव भित्तीवरनं," ती म्हणाली.

पंपाचा आतला चामडी वायसर वाळून पापड झाला होता. हैबतीने जुन्या वहाणेच्या तळव्यातून नवा कापला, करंजेलात मुरवला. आता खड्ड्यावर झाकण हवं, नाहीतर येणाजाणाऱ्याचा पाय आत जायचा. झाकण फरशीचं, आणि त्याच्या मधोमध पंपाची नळी जाईल असं गोल भोक. फरशी सरळ कापताना ज्याने ढीग लावला, त्याने आता गोल कापायचं. पहिली फरशी भोक पडायच्या आधीच दुभंगली. दुसरी भोक पडता पडता गेली. शेवटची एकच अख्खी फरशी उरली आणि महाडला जाऊन यायला दिवस उरले नव्हते. हैबतीने हातोडा खाली ठेवला.

"जात्याला टाकी लावायला ती बाई येते ना," रंगूबाई म्हणाली, "ती हातोडी मारत नाय. नुसती उचलते नि सोडते. आनी जात्याखाली वाळू पसरते, म्हंजे दगूड सगळीकडं टेकतो. तुमी दगडाशी भांडताय."

एरवी हैबतीने तिला टाकी लावण्याचं शास्त्र तिथेच समजावून सांगितलं असतं. त्या दिवशी तो उठला, ओढ्यातली वाळू आणली, ओली करून पसरली आणि फरशी तिच्यावर ठेवली. कोळशाने गोल आखला. बारकी टाकी, म्हणजे टोकदार छिन्नी, घेतली, हातोडी नुसती उचलायची आणि सोडायची. टक्, टक्, गोलावरून फिरत राहायचं. एका बाजूने खाच पडली की फरशी उलटून दुसऱ्या बाजूने. रंगूबाई समोर बसून पाणी शिंपत होती. उन्हं कलली, हैबतीची बोटं पांढरी झाली, आणि मधला गोल तुकडा अलगद वाळूत बसला. फरशीला तडा नव्हता. हैबतीने त्या भोकातून रंगूबाईकडे बघितलं आणि तिने त्याला वेड्यात काढलं.

पंप बसला. पहिल्यांदा दांडा ओढला तेव्हा नुसती हवा आली. "आधी त्याला पाजावं लागतं," हैबती म्हणाला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पुन्हा ओढलं तशी तोटीतून मनगटाएवढी धार आली, बांबूच्या पन्हळीतून खिडकीबाहेर गेली आणि कातळाच्या पलीकडे जाऊन पडली. ज्या कातळाने जन्मभर पाणी घरात कोंडलं, त्याच्या डोक्यावरून पाणी चाललं होतं. हैबती दांडा मारतच राहिला. रंगूबाईने फरश्या उचलून वाळूवर पुन्हा बसवायला घेतल्या, आणि या वेळी सांध्यांत चुना कोंबला नाही, म्हणजे पाण्याला वाळूतून खड्ड्याकडे वाट मोकळी.

हरतालिकेच्या सकाळी कुशाबा भावकीतल्या चौघांना घेऊन आला. सहदेव आणि येसू मुंबईहून आदल्या दिवशीच पोचली होती. येसू दाराआड उभी. कुशाबाने पायातल्या वहाणा काढल्या, आणि गेल्या वर्षीची आठवण असल्यामुळे चौकट धरूनच आत आला. मधोमध, जिथे गणपतीचा पाट मांडायचा, तिथे रंगूबाईने रांगोळी काढून ठेवली होती.

"रांगोळी वल्या जिमिनीवरबी काढता येते," कुशाबा म्हणाला. "चिकटून बसती नुसती."

"मंग फुंकून बघा, भावजी," रंगूबाई म्हणाली.

कुशाबा गुडघ्यावर बसला, खाली वाकला आणि सगळ्या भावकीदेखत त्याने जोरात फुंकर मारली. सबंध रांगोळी उडाली. कुशाबाच्या मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, आणि खाली फरशी लखलखीत कोरडी. कोणाला हसावं की नाही ते कळेना. पहिली हसली ती येसू, नवी नवरी, दाराआडून, आणि मग कोणालाच आवरलं नाही. कुशाबा मिशा झटकत उठला. त्याने माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय आपटत एक फेरी मारली आणि रंगूबाईला म्हणाला, "पुन्यांदा काढ गो रांगोळी. देव उद्या हितंच येनार, आनी मीच आननार."

आणला त्यानेच. उंबऱ्यावर रंगूबाईने त्याच्या पायांवर पाणी घातलं. चौकट न धरता, मान ताठ ठेवून तो आत चालत गेला आणि मूर्ती पाटावर ठेवली. गौरी आल्या, येसूने पहिली सुपं आपल्याच घरात ओवसली. आरतीला माणसं इतकी झाली की ओटीही पुरेना, आणि ज्याला त्याला पंप मारून बघायचा होता. कुशाबाने तर रांग लावून दिली.

पुढे महाडकडच्या नाते, बिरवाडी या गावांतून, कुठून कुठून माणसं हैबतीला फरशी विचारायला यायला लागली. सल्ला द्यायचं त्याने सोडलं नाही, ते शक्यच नव्हतं. फक्त सुरुवात बदलली. आलेल्या माणसाला तो पहिलं विचारायचा, "घरात सारवतं कोन? जा, तिला इचारून ये पानी कुठनं येतं. मंग बोलू."

त्या वर्षी दसऱ्याला पंप भिंतीवर नव्हता, खड्ड्यात उभा होता. हैबती झेंडूची माळ घेऊन आला तर पंपाच्या गळ्यात आधीच एक माळ होती, चांगली जाड, मधून मधून आंब्याची पानं ओवलेली. रंगूबाई चुलीपाशी पाठ करून भाकऱ्या थापत होती. हैबतीने त्या माळेवर आपलीही घातली आणि एकही सल्ला न देता जेवायला बसला.